पाच वाजले होते, सगळ्या घड्याळांत: प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूवरची कविता कशी उलगडावी

एखादा नट, गायक किंवा खेळाडू अचानक गेला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर चार-पाच कविता येऊन पडतात. तारा निखळतो, पोकळी निर्माण होते, कुणीतरी काळाच्या पडद्याआड जातं. लिहिणाऱ्याचं दुःख खोटं नसतं, पण नाव बदललं तर तीच कविता दुसऱ्या कुणावरही चालते. मग चांगली विलापिका वेगळं काय करते? हे तपासायला मी एकच कविता घेतो आणि ती पायरी-पायरीने सोडवून दाखवतो. पद्धत कळली की ती दुसऱ्या कवितांना लावता येईल.

कविता स्पॅनिश आहे. फेदेरिको गार्सिया लोर्काने आपला मित्र, नामांकित टोरेरो इग्नासियो सांचेस मेहियास याच्या मृत्यूवर लिहिलेली, चार भागांची. नाव, ‘इग्नासियो सांचेस मेहियाससाठी विलाप’ (Llanto por Ignacio Sánchez Mejías). ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. टोरेरो म्हणजे रिंगणात बैलाला सामोरा जाणारा. गोव्यातल्या धिरयोत बैल बैलाशी झुंजतो. इथे बैलासमोर माणूस असतो आणि शेवट सहसा बैलाच्या मरणाने होतो. सहसा.

जवळ दोन गोष्टी ठेवा. एक, वाचता येईल असं कुठलंही भाषांतर. इंग्रजीत बरीच आहेत. दोन, मूळ स्पॅनिश वाचनाचं ध्वनिमुद्रण. शब्द कळले नाहीत तरी चालेल, कानाला ठोका कळला पाहिजे. आणि पेन्सिल. नुसत्या डोळ्यांनी वाचून ही कविता हाती लागत नाही.

पायरी १: आधी बातमी लिहून काढा

कवितेला हात लावण्याआधी घडलेली घटना चार-पाच ओळींत, अगदी वार्ताहरासारखी लिहा. विशेषणं नकोत. माझी बातमी अशी होते:

इग्नासियो सांचेस मेहियास, जन्म १८९१, सेव्हिल. टोरेरो, नाटककार, काही काळ रेआल बेतिस फुटबॉल क्लबचा अध्यक्ष, तरुण कवींचा दोस्त आणि आश्रयदाता. रिंगणातून निवृत्त झालेला, १९३४ मध्ये पुन्हा उतरला. ११ ऑगस्ट १९३४ रोजी मान्सानारेस गावात, दुसऱ्या टोरेरोच्या जागी ऐन वेळी उभा राहिला. ग्रानादिनो नावाच्या बैलाचं शिंग मांडीत घुसलं. तिथल्या छोट्या उपचारखोलीत शस्त्रक्रिया करून घ्यायला त्याने नकार दिला, मला माद्रिदला न्या म्हणाला. प्रवासात तास गेले. जखमेत गँगरीन झालं. १३ ऑगस्टला सकाळी माद्रिदमध्ये मृत्यू. वय ४३.

त्याच्या आयुष्यात आणखी एक जीवघेणा योग आहे. १९२० साली तालाव्हेराच्या रिंगणात त्याचा मेहुणा, त्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या टोरेरोंपैकी एक असलेला होसेलितो, बैलाच्या शिंगावर गेला. इग्नासियो त्या दिवशी त्याच रिंगणात होता. कवितेत होसेलितोचा उल्लेखसुद्धा नाही. एवढा नाट्यमय तपशील हाताशी असून कवीने तो सोडून दिला, हे टिपून ठेवा. प्रसिद्ध माणसाबद्दल वाचकाला बरंच काही आधीच ठाऊक असतं. काय सांगायचं नाही, हा कवीचा पहिला निर्णय असतो.

पायरी २: कविता कुठे खोटं बोलते ते शोधा

माझ्या मते हीच सगळ्यांत कामाची पायरी. बातमी आणि कविता शेजारी-शेजारी ठेवा आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करा. कवीचं तंत्र नेमकं त्या फटीत सापडतं.

इथे पहिली खूण पहिल्याच ओळीवर पडते. पहिल्या भागात सगळं पाच वाजता घडतं. पांढरी चादर पाचला येते, शिंग पाचला घुसतं, गँगरीनही पाचलाच दुरून येताना दिसतं, लोक खिडक्या पाचलाच फोडतात. प्रत्यक्षात जखम आणि मृत्यू यांच्यात जवळजवळ दोन दिवस गेले आणि माणूस सकाळी मेला. पाच ही बैलझुंजीची रूढ वेळ. लोर्काने दोन दिवसांची तडफड त्या एका ठोक्यात कोंबली. झुंज सुरू होण्याची वेळ हीच मरणाची वेळ केली. म्हणजे जखम नंतर चिघळली वगैरे काही नाही. तो रिंगणात उतरला तेव्हाच संपला होता.

बातमीत हे विधान करता येत नाही. निबंधात केलं तर भावुक वाटेल. कवितेत ते न बोलता, फक्त घड्याळ थांबवून केलं आहे.

पायरी ३: ध्रुपद मोजा, खरोखर मोजा

‘आ लास सिंको दे ला तार्दे’, दुपारी पाच वाजता. ही ओळ पुन्हा पुन्हा येते एवढं म्हणून पुढे जाऊ नका. बोट ठेवून मोजा. पहिल्या भागात ५२ ओळी आहेत. त्यांत ही ओळ जशीच्या तशी २५ वेळा येते आणि किंचित बदलून आणखी ५ वेळा. निम्म्याहून जास्त भाग म्हणजे एकच ओळ!

आता दोन प्रयोग करा. पहिला: ध्रुपद झाकून उरलेल्या ओळी वाचा. चादर, चुन्याचं घमेलं, वाऱ्याने उडालेला कापूस, आयोडिन, चाकांवरची शवपेटी. एक विस्कटलेली यादी उरते, जणू कुणी पंचनामा करताना मध्येच भान हरपलं. दुसरा प्रयोग: बदललेल्या पाच ओळींवर गोल करा. ‘बरोबर पाच’ दोनदा. मग शेवटाला, एकापाठोपाठ एक, ‘काय भयंकर ते पाच’, ‘सगळ्या घड्याळांत पाच वाजले होते’ आणि ‘दुपारच्या सावलीत पाच’. नेमकेपणाकडून सुरुवात झाली आणि सावलीत शेवट. स्पेनच्या रिंगणात तिकिटं उन्हातली आणि सावलीतली अशी वेगळी विकतात, हे माहीत असलेल्या वाचकाला ‘सावली’ हा शब्द आणखी एका बाजूने लागतो.

आपल्याकडे ध्रुपद गाण्याला मोकळं करतं. कडवं संपलं की तिथे परत यायचं, श्वास घ्यायचा. इथे दर ओळीनंतर तिथेच परत यावं लागतं आणि श्वास घ्यायला जागाच राहत नाही. पुनरुक्तीचं काम ओळखताना हा फरक विचारा: ही ओळ विसाव्याची आहे की कोंडणारी?

मराठीत आणताना अडचण अशी की आपण दुपारी पाच म्हणत नाही. पाच म्हटलं की आपल्या जिभेवर ‘संध्याकाळी’ येतं, चहा येतो. स्पॅनिश ‘तार्दे’मध्ये दुपार आणि संध्याकाळ दोन्ही मावतात, आणि मान्सानारेस ज्या ला मांचा प्रदेशात आहे तिथे ऑगस्टमध्ये पाचला ऊन तापलेलं असतं. ‘संध्याकाळी’ केलं तर दिवेलागणीची हुरहुर येते, आणि ती या ओळीत अजिबात नाही. मी ‘पाच वाजता दुपारी’ असं करून बघतो. ऐकायला थोडं अडतं, पण अडू दे.

पायरी ४: अक्षरं मोजा

‘पाच वाजता दुपारी’: पा, च, वा, ज, ता, दु, पा, री. आठ. मूळ ओळही आठ अक्षरांचीच आहे. स्पॅनिश कविता आपल्या अक्षरछंदासारखीच अक्षरं मोजते. शेवटच्या शब्दावरच्या आघातानुसार एखादं कमी-जास्त धरायचं आणि लगतचे स्वर जोडून म्हणायचे, एवढे त्यांचे वेगळे नियम. त्यामुळे वृत्ताचं काम मराठी वाचकाला कळायला अवघड जात नाही.

चारही भागांच्या लयी वेगळ्या आहेत. पहिल्या भागात साधारण अकरा अक्षरांची ओळ आणि तिच्यावर आठ अक्षरांचं ध्रुपद आदळतं. दुसरा भाग मुख्यतः आठ अक्षरांचा. स्पॅनिश लोकगाथांची हीच चाल, आपल्या जात्यावरच्या ओवीशेजारी बसणाऱ्या अष्टाक्षरीसारखी, पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळलेली. तिसऱ्यात ओळ एकदम चौदा अक्षरांची होते, मध्ये सातवर थांबणारी, जड. का? कारण तिसऱ्या भागात प्रेत दगडावर ठेवलेलं आहे आणि माणसं भोवती उभी आहेत. धावपळ संपली. चौथा भाग अकरा अक्षरांच्या ओळींनी सुरू होतो आणि शेवटच्या दोन कडव्यांत पुन्हा चौदावर जातो.

करायचं एवढंच: प्रत्येक भागातल्या तीन-चार ओळी मोजा, आकडा समासात लिहा आणि आकडा बदलतो तिथे अर्थात काय बदललं ते बघा. सगळी कविता मोजत बसायची गरज नाही.

पायरी ५: प्रतिमांचे ढीग करा

‘या कवितेत सुंदर प्रतिमा आहेत’ हे वाक्य परीक्षेच्या पेपरात शोभतं. त्याऐवजी प्रतिमा उचलून ढीग लावा. पहिल्या भागाचे तीन ढीग होतात. एक रिंगणाचा: बैल, शिंग, मांडी. दुसरा उपचारखोलीचा: चादर, कापूस, निकेल, आयोडिन, आर्सेनिक, गँगरीन. तिसरा कुठलाच नाही असा: झुंजणारे कबूतर आणि बिबट्या, कानात वाजणारी हाडं आणि बासऱ्या, लिलीचा कर्णा.

आता क्रम बघा. रिंगणाचा ढीग हळूहळू आटतो आणि औषधांचा फुगत जातो. मधोमध एक बिजागरीची ओळ आहे: रिंगण आयोडिनने भरून गेलं. त्या ओळीपाशी रिंगणाचंच रुग्णालय होतं. त्यानंतर आपण वाळूवर नाही, खोलीत आहोत. पण बैल सुटत नाही; तो आता जखमीच्या कपाळात हंबरतो आहे. बाहेरचा प्राणी आत शिरला.

आयोडिनच्या ओळीपाठोपाठच येणारी ओळ म्हणते, मृत्यूने जखमेत अंडी घातली. चेतनगुणोक्ती असं नाव देऊन पुढे जाता येईल, पण थोडं थांबा. अंडी ही जन्माची वस्तू. जखमेवर माश्या बसलेल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही ओळ आधी अंगावर येते आणि मग डोक्यात शिरते. शब्द शरीराला आधी लागला पाहिजे, ही लोर्काची रीत.

पांढऱ्या रंगाकडे आपण जरा सावध बघायला हवं. आपल्याकडे पांढरं म्हणजे सुतक, कफन. त्या काळच्या स्पेनमध्ये शोकाचा रंग काळा. त्यामुळे चादर, चुना, कापूस यांचा पांढरेपणा तिथल्या वाचकाला शोकाआधी फिकेपणा, दवाखाना, थंडी असा लागतो. आपण आपला अर्थ नकळत लादतो आहोत का, हे परक्या कवितेत दर रंगाला, झाडाला, प्राण्याला विचारावं.

दुसऱ्या-तिसऱ्या भागात बैल फार मोठा होतो. गिसांदोचे बैल येतात. हे मध्य स्पेनमधले खरेखुरे प्राचीन दगडी बैल. कवीला ते जमीन तुडवून थकलेल्या दोन शतकांसारखे हंबरताना ऐकू येतात. पुढे मेलेल्या इग्नासियोलाच मृत्यू मिनोतोरचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या बैलतोंड्या माणसाचं, डोकं बसवतो. ज्याने मारलं त्याचंच तोंड मेलेल्याला. प्रसिद्ध माणसाला पुराणात नेऊन बसवायची ही युक्ती जुनीच आहे, पण बहुतेक कवी त्याला देव करतात. लोर्काने त्याला अर्धा बैल केला.

पायरी ६: ‘नाही’ कुठे-कुठे आहे?

दुसऱ्या भागाचं ध्रुपद आहे, मला ते बघायचं नाही. ‘ते’ म्हणजे वाळूवर सांडलेलं रक्त. कवी चंद्राला यायला सांगतो, काहीही करा पण ते रक्त दिसू देऊ नका. गंमत अशी की बघायचं नाही म्हणता म्हणता तो रक्ताबद्दलच बोलत राहतो. शेवटी तर म्हणतो, हे रक्त सामावेल असा प्याला नाही, ते पिऊन टाकतील अशा पाकोळ्या नाहीत. नकाराने गोष्ट पुसली जात नाही, उलट ठळक होते.

तिसऱ्या भागात हाच माणूस उलटतो. आता त्याला त्या चेहऱ्यावर रुमाल टाकलेला नको आहे. मेलेल्याला आपल्या मरणाची सवय होऊ दे, म्हणतो. न बघण्याकडून बघण्याकडे, हा सगळ्या कवितेचा कणा आहे. दोन्ही ‘नको’ शेजारी लिहून ठेवलेत तर तो लगेच दिसतो. लोर्का मित्राच्या शेवटच्या क्षणी त्याच्या उशाशी नव्हता. कवितेत मात्र त्याने स्वतःला दगडाजवळ उभं केलं.

पायरी ७: स्तुतीचा भाग

दुसऱ्या भागाच्या मध्यावर एक लांब स्तुती आहे. याच्या तोडीचा राजपुत्र सेव्हिलमध्ये झाला नाही, रिंगणात केवढा टोरेरो, डोंगरात केवढा डोंगरी, कणसांशी किती मऊ, दवाशी किती हळवा. ‘किती’, ‘केवढा’ असे उद्गार रांगेने. ही चाल लोर्काची स्वतःची नाही. पंधराव्या शतकात होर्हे मान्रिकेने वडिलांच्या मृत्यूवर लिहिलेल्या कडव्यांत अशीच रांग आहे, आणि शिकलेल्या स्पॅनिश वाचकाच्या कानाला ती लगेच ओळखू येते. एका टोरेरोला जुन्या सरदाराच्या गादीवर बसवण्याचा हा मार्ग.

खरं सांगायचं तर मला हा भाग थोडा लांबलेला वाटतो. पण त्यात एक जोडी बघा: कणसांशी मऊ, घोड्याला टोचायच्या टाचेवरच्या आरीशी कठोर. गुण सांगताना कवी गुणाचं नाव घेत नाही, वस्तू ठेवतो. ‘दिलदार’, ‘हरहुन्नरी’, ‘अजातशत्रू’ हे शब्द आपल्या श्रद्धांजल्यांत झिजून गुळगुळीत झाले आहेत. त्यांच्या जागी कणीस आणि दव ठेवून बघा.

पायरी ८: कोण कुणाशी बोलतंय

सर्वनामांवर खुणा करा. दहा मिनिटांचं काम, पण यातून जेवढं मिळतं तेवढं अलंकारांच्या याद्यांतून मिळत नाही.

पहिल्या भागात ‘मी’ नाही आणि इग्नासियोचं नावही नाही. फक्त ‘त्याचा कान’, ‘त्याचं कपाळ’. दुसऱ्या भागात ‘मी’ येतो आणि नावही येतं. तिसऱ्याच्या अखेरीस कवी थेट त्याच्याशी बोलतो: जा, इग्नासियो. झोप, उड, विसाव, समुद्रसुद्धा मरतो. चौथ्यात सुरुवातीपासून ‘तू’: बैल तुला ओळखत नाही, अंजिराचं झाड ओळखत नाही, तुझ्या घरातल्या मुंग्याही नाहीत, कारण तू कायमचा मेलास. मग एक छोटा तुटक ‘नाही’ आणि त्याला लागून: पण मी तुला गातो. शेवटच्या कडव्यात मात्र ‘तू’ सुटतो आणि पुन्हा ‘त्याचा’ येतो. निरोप ‘तू’ म्हणून घेतला, आठवण ‘तो’ म्हणून ठेवली.

नाव घ्यायचं की नाही, हाही तंत्राचाच प्रश्न. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनच्या हत्येनंतर लिहिलेल्या दोन गाजलेल्या कवितांत लिंकनचं नाव एकदाही येत नाही. वाचकाला ते ठाऊक होतं. लोर्काने शीर्षकात दिलेलं नाव एक अख्खा भाग रोखून धरलं आणि मग हाक मारली.

पायरी ९: शेवटची ओळ

इतका आक्रोश झाल्यावर शेवट कसा करायचा? असा स्वच्छ, साहसाने श्रीमंत अंदालुसियन (दक्षिण स्पेनमधला माणूस) पुन्हा जन्मायला फार काळ लागेल, जन्मलाच तर. हे म्हणून झाल्यावर लोर्का आवाज एकदम खाली आणतो. त्याला आठवते ती ऑलिव्हच्या झाडांमधली एक उदास झुळूक. बैल नाही, रक्त नाही, पाच वाजलेले नाहीत. विलापिकेची शेवटची ओळ तपासताना तिच्यातला सगळ्यांत मोठा शब्द शोधा. इथे तो ‘झुळूक’ आहे.

पायरी १०: दुसऱ्या कवितेला लावून बघा

अमेरिकन कवी फ्रँक ओहाराची बिली हॉलिडेवरची कविता घ्या. ही जॅझ गायिका १७ जुलै १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेली. तिथेही सुरुवातीलाच घड्याळ आहे, बारा वाजून वीस मिनिटं. पण ती जेवणाच्या सुट्टीतली साधी वेळ. कवी रस्त्यावर फिरतो, बूट पॉलिश करून घेतो, पुस्तकं चाळतो, भेटवस्तू घेतो आणि अखेरीस वर्तमानपत्रावर तिचा चेहरा दिसतो. लोर्काचं घड्याळ थांबलेलं आहे, ओहाराचं चालत राहतं आणि शेवटच्या ओळींत श्वास अडकतो. वरच्या सगळ्या पायऱ्या इथे लावा: काय गाळलं, नाव कुठे आहे, ‘मी’ काय करतो, मोठा शब्द कोणता. उत्तरं जवळजवळ उलटी येतील.

पायरी ११: दोघांनी मिळून मोठ्याने म्हणा

शेवटी परत लोर्काच्या पहिल्या भागाकडे या. शाहिराच्या मागे झीलकरी उभा असतो तसा एक जोडीदार घ्या. बदलत्या ओळी तुम्ही म्हणा, ध्रुपदाची झील त्याने धरायची. वेग वाढवू नका. पहिल्या कडव्यात सुरुवातीच्या दोन ओळी त्याच्या, मग तुम्ही पुढे, तो मागे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याला सलग तीन ओळी मिळतील आणि तुम्ही क्षणभर गप्प राहाल. तिसऱ्यात तुमच्या ओळी गँगरीन, जखमा आणि फुटणाऱ्या खिडक्यांपर्यंत येतात आणि तिथे संपतात. त्यानंतरच्या पाचही ओळी झीलकऱ्याच्या आहेत. मुख्य गाणाऱ्याकडे म्हणायला काहीच उरलेलं नाही, आणि मागचा माणूस अजून वेळ सांगतो आहे.